अंगठ्याखालची स्प्रिंग

तुम्ही खोटं बोलताय, साहेब.

तुमच्या माणसाने माझ्या बापावर पिस्तूल ‘नुसतं रोखलं होतं’, असं तुम्ही पोलीस स्टेशनात खुर्चीत मागे रेलून मला सांगितलंत. वर म्हणालात, ‘‘बेन, एमां शुं थई गयुं? कोईने वाग्युं तो नथी ने?’’ कोणाला लागलं नाही, हे खरं. पण नुसतं रोखलं नव्हतं. चाप ओढला होता. गोळी सुटली नाही ती तुमच्या शिस्तीमुळे नव्हे. का सुटली नाही हे मला कळतं, कारण माझा धंदाच तो आहे.

तुमच्यासमोर मी अर्धं बोलले आणि तुमचा फोन वाजला. पुन्हा सुरू केलं तर चहा आला. म्हणून आता इथे लिहून सांगते, सगळ्यांसमोर. इथे तुमचा फोन वाजला तरी मी थांबणार नाही.

करजणच्या अलीकडे, हायवेवरून आत गेलं की एक पडीक शेत आहे. ते माझ्या भावाने, समरजितदादाने, भाड्याने घेतलंय. टायरांच्या भिंती, रिकामे ड्रम, बांबूचं एक मचाण. रविवारी बडोद्याची पोरं येतात, डोळ्यांवर जाळीचे चष्मे चढवतात आणि एकमेकांवर प्लॅस्टिकचे छर्रे झाडतात. एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. छर्रा वाटाण्याहून लहान. लागला तर चिमटा बसतो, लाल ठिपका उठतो, पोरगं आईबहिणीवरून शिवी हासडतं, आणि खेळ पुढे जातो. बंदूक मात्र खरीसारखी दिसते. पोरं त्यासाठीच येतात. नळीच्या टोकाला नारंगी रंग असतो तेवढाच खेळण्याचा पुरावा.

दादा माणसं सांभाळतो, मी बंदुका. बंदुका म्हणजे खरं तर मॅगझिनं, कारण बहुतेक दुखणी तिथलीच. मॅगझिन म्हणजे छर्रे भरायचा उभा डबा. आत एक लांब स्प्रिंग, तिच्या डोक्यावर एक चिमुकला तुकडा, त्याला आम्ही ढकल्या म्हणतो. स्प्रिंग ढकल्याला रेटते, ढकल्या छर्र्यांच्या रांगेला रेटतो, आणि एकेक छर्रा डब्याच्या तोंडाशी येऊन बंदुकीत शिरतो. त्या अरुंद वाटेत माती आली, फुटक्या छर्र्याची कपची आली, चिकट काही आलं, की रांग अडते. मग चाप ओढला तरी बंदूक नुसती ‘खट्’ करते. बाहेर काही पडत नाही.

ते ‘खट्’ मी हजार आवाजांतून ओळखते. छर्रा आत असला की आवाज भरीव येतो, आत काही नसलं की पोकळ. रिकाम्या हंड्यावर टिचकी मारावी तसा. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाणी पीत असले तरी कळतं कोणाचं मॅगझिन अडलं ते.

आणि अडलं की प्रत्येक गिऱ्हाईक काय करतं? मॅगझिन बाहेर काढतं, तोंडात डोकावून बघतं आणि मांडीवर आपटतं. प्रत्येकजण. शिकलेला, न शिकलेला, कंपनीचा मॅनेजर, कॉलेजची पोरगी. मी ओरडत असते, ‘‘ए हीरो, आपटू नको! तोंड वाकतं त्याचं!’’ तरी आपटतात. हे लक्षात ठेवा, साहेब. डोकावून बघणं आणि मांडीवर आपटणं. पुढे लागेल.

आता आबा. आबा म्हणजे माझे वडील, दत्ताजीराव. आयुष्य एका कारखान्यात फिटर म्हणून काढलं, आता मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये रिटायर होऊन बसलेत. त्यांचे आजोबा बडोद्याच्या राज्याच्या फौजेत शिपाई होते. फौज गेली, आजोबा गेले, घरात हत्यार म्हणून उरला तो नारळ सोलायचा कोयता. दर खंडेनवमीला आबा तो कोयता, स्वतःचे पाने, पेचकस आणि आईची विळी पाटावर मांडून पूजा करायचे. आई गेल्यावरही विळी मांडतात. आणि दरवर्षी तेच बोलतात, ‘‘शिपायाच्या घरात पूजेला विळी. कसले दिवस आले.’’

यंदा त्यांनी हट्ट धरला. ‘‘समर, करजणच्या सगळ्या बंदुका नवमीला घरी आण.’’

‘‘आबा, खेळणी आहेत ती.’’

‘‘ज्यावर पोट चालतं ते हत्यार. माझा पाना काय लढाईला गेला होता?’’

दादा पोतं भरून घेऊन आला. मी त्या दिवशी वाडीतल्या मावशीकडे गेले होते, नवमीचं जेवण होतं. मी घरी असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. संध्याकाळी आले तर हॉलमध्ये सतरंजी, सतरंजीवर बंदुका ओळीने, झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, अक्षता, आणि आबा नवं धोतर नेसून मधोमध बसलेले. डोळ्यांत पाणी. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? त्या चेहऱ्यापुढे तुम्हीही बोलला नसतात.

पण आबा फिटर. फिटरला नुसतं कुंकू लावून चैन पडत नाही. शस्त्राला तेल पाजायचं असतं, ही आमच्याकडची रीत. कोयत्याला ते तेल पुसतात, पान्याला पुसतात. यंदा त्यांनी, मी यायच्या आधीच, प्रत्येक मॅगझिनच्या तोंडात चमच्याने तिळाचं तेल सोडलं. प्रेमाने. वरून कुंकू, वरून अक्षता. मग उभं धरून हलवलं, तेल नीट खाली उतरावं म्हणून.

दसऱ्याला फाफडा-जलेबी झाली, दादाने पूजा उतरवून पोतं परत नेलं, आणि रविवारी कंपनीतल्या लोकांचा मोठा गट मैदानावर आला. पहिल्या डावातच खट्. दुसरीकडे खट्. मग सगळ्या शेतभर खट्, खट्, खट्, आणि पाठोपाठ मांड्यांवर मॅगझिनं आपटल्याचा आवाज, जसा काही टाळ्यांचा गरबा चाललाय. मी एक उघडून बघितलं. आत लाल चिखल. कुंकवाचा, तेलाचा, धुळीचा, आणि मध्ये एक तांदळाचा दाणा ढकल्याच्या कडेला पाचरीसारखा अडकलेला.

घरी येऊन दादा आबांवर नको तितका ओरडला. ‘‘गिऱ्हाईक हसत होतं, आबा! विचारत होते की भाऊ, बंदुकीत खिचडी शिजवलीय का?’’

आबा म्हणाले, ‘‘तेलाने लोखंड चालतं.’’

‘‘लोखंड कुठाय त्यात? प्लॅस्टिक आहे! आणि तिळाचं तेल? उद्या फोडणी द्या, मोहरी घाला!’’

आबा उठून आत गेले. त्या रात्री जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी दादा करजणला गेला आणि मी सगळी मॅगझिनं घेऊन गच्चीवर गेले. आमच्या सोसायटीत सगळे अगाशी म्हणतात. पाण्याच्या टाकीची सावली बघून जुनी चादर अंथरली. खाली आवारात शरद पौर्णिमेच्या गरब्यासाठी दिव्यांच्या माळा बांधत होते. छान ऊन होतं. असा साधा दिवस होता तो.

काम सोपं आहे, पण घाई चालत नाही. मॅगझिनच्या बुडाला एक पट्टी असते. टोच्याने मधला खटका दाबायचा, पट्टी हळूच सरकवायची, आणि सरकवताना अंगठा तिथेच ठेवायचा, कारण पट्टीच्या मागे दाबलेली स्प्रिंग असते. अंगठा सुटला की स्प्रिंग सापासारखी उसळते, पट्टी उडते, फरशीवर फाट्कन आवाज होतो. सुरुवातीला माझ्या भुवईवर बसली होती एकदा. मग स्प्रिंग काढायची, ढकल्या काढायचा, डबा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवायचा. छर्र्यांच्या वाटेत बुटाची नाडी ओवून इकडून तिकडे ओढायची, कोपऱ्यांत कापूसकाडी फिरवायची. तोंडाच्या ओठांना जुना टूथब्रश, हलक्या हाताने. सावलीत वाळवायचं, उन्हात प्लॅस्टिक वाकतं. स्प्रिंग कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉनच्या तेलाचा हात द्यायचा, नुसता हात, थेंबही जास्त. मग सगळं परत. आणि शेवटी बंदुकीत घालून एकदा चालवून बघायचं.

त्यासाठी घरी एक बंदूक कायम असते, ती भाड्याने जात नाही. तिच्यावर आबांची झेंडूची माळ तशीच होती, सुकलेली. ती विश्वामित्री नदीत सोडायची म्हणून मला काढू दिली नव्हती.

बादलीतलं पाणी लाल झालं होतं. हात मनगटापर्यंत लाल. चादरीवर लाल डाग. मला त्यात काही वाटलं नाही. कुंकू आहे, मला माहीत होतं.

शेजारची कोमलबेन कपडे वाळत घालायला वर आली, बघून हसली. ‘‘शिवांगी, आ शुं? कोईनुं खून कर्युं के?’’

‘‘आबांचं करणार आहे,’’ मी म्हटलं.

ती हसत हसत दोरीकडे गेली, चादरी घालून खाली उतरली.

समोरच्या टॉवरमधून कोणीतरी तेच बघत होतं, आणि त्याला हसू आलं नाही. माळ घातलेली बंदूक, लाल पाणी, लाल हात, शेजारी काळ्या डब्यांची रास. त्याने व्हिडिओ काढला. तो सोसायटीच्या ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तुमच्याकडे. आमच्या फाटकावर वॉचमन बसतो. त्याला एक प्रश्न विचारला असता तर तो म्हणाला असता, ‘अरे ती रमकडांवाळी बेन,’ खेळण्यांवाली. तुम्ही विचारलं नाही. तुमच्या माणसांनी त्याला फोन खाली ठेवायला लावला आणि ते जिन्याने वर आले.

बुटांचा आवाज आला तेव्हा मला वाटलं दिवेवाले आले. मी मान वर केली नाही. मी एक मॅगझिन जोडत होते. स्प्रिंग पूर्ण आत दाबून अंगठा तिच्यावर, दुसऱ्या हाताने पट्टी अर्धी सरकवलेली. बोटांना सिलिकॉन. सगळ्या कामातला हाच एक क्षण असा की मध्ये थांबता येत नाही.

जिन्याच्या दाराशी कोणीतरी गोळी वर चढवायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडला. खळ्-खट्. तो आवाज मी ऐकला, आणि तेव्हाही कानाला कसंसंच लागलं, काहीतरी कमी होतं त्यात. पण विचार करायला वेळ मिळाला नाही.

‘‘हाथ उपर! हाथ उपर कर!’’

तिघं होते. एक वयस्कर, जाडसर. एकाच्या हातात लांब बंदूक, तो दारातच थांबला. आणि पुढे एक तरुण पोरगा, मिशी नुकती राखलेली, दोन्ही हातांत पिस्तूल, पिस्तुलाचं तोंड माझ्या छातीकडे.

मी खेळातल्या बंदुका रोज बघते. नळीचं तोंड माझ्यासाठी एक भोक आहे, कापूसकाडी घालून साफ करायचं. पण ते भोक तसं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होतं. माझे पाय चादरीवर मांडी घातलेल्याच जागी मेले. मला वाटलं, आता इथेच कपड्यांत होणार. झालंही थोडं. लिहायला लाज वाटत नाही. लाज वाटायची ती दुसऱ्या कोणाला वाटावी.

‘‘हाथ उपर! संभळातुं नथी?’’

हात वर करायचे म्हणजे अंगठा उचलायचा. अंगठा उचलला की स्प्रिंग उसळणार, पट्टी उडणार, फाट्कन आवाज होणार. आणि त्या पोराचं बोट चापावर होतं. बाहेर नाही, बाजूला नाही. चापावर. आम्ही मैदानावर पहिल्या दिवशी पोरांना शिकवतो, मारायचं नसेल तेव्हा बोट चापाबाहेर. तुम्ही शिकवत नाही का?

मला बोलायचं होतं. ‘भाई, स्प्रिंग छे, रमकडुं छे,’ एवढंच. या गावात जन्मले, शाळेत, बाजारात, रिक्षात गुजराती बोलते. पण भीतीने ती भाषा पुसून टाकली होती. तोंडातून बारीक, कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज आला, ‘‘आबा.’’

‘‘हाथमां शुं छे? शुं दबाव्युं छे?’’ वयस्कर ओरडला. आणि मग त्याचा आवाज बदलला. ‘‘संभाळजे, एणे कंई दबावी राख्युं छे!’’

म्हणजे आता त्यांनाही भीती वाटत होती. त्यांना वाटलं माझ्या अंगठ्याखाली बाँब आहे. तरुण पोरगा एक पाऊल मागे सरला. त्याची भीती मला दिसत होती आणि माझी त्याला, आणि मध्ये माझा अंगठा, सिलिकॉनने माखलेला, केसाकेसाने घसरत चाललेला. मी तो दुसऱ्या बोटाने धरायचा प्रयत्न केला तर पोरगा किंचाळला, ‘‘हलीश नहीं!’’

हात वर करू तर मरते. हात हलवू तर मरते. तशीच बसू तर अंगठा स्वतःच सुटणार.

तेवढ्यात जिन्यातून आबा आले. हातात कोमट पाण्याची बादली. माझं पाणी घाण झालं असेल म्हणून गॅसवर तापवून आणली होती. कालपासून माझ्याशी बोलले नव्हते, ती बादली हेच त्यांचं बोलणं होतं. दारातला बंदूकवाला त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. त्याला बाजूला सारून, ‘‘जरा जाऊ द्या हो,’’ म्हणत आबा अगाशीत आले आणि मग त्यांनी पाहिलं.

‘‘काका, ऊभा रहो! त्यां ज ऊभा रहो!’’

तरुण पोराने पिस्तूल आबांकडे वळवलं. मग माझ्याकडे. मग आबांकडे.

आबा थांबले. बादली खाली ठेवली, पाणी सांडू न देता. त्यांनी पिस्तुलाकडे नाही बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं. ज्या माणसाने सगळा जन्म यंत्रांच्या स्प्रिंगा चढवल्या, उतरवल्या, त्याला अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं बघून पुढचं कळलं.

‘‘शिवे,’’ ते मराठीत म्हणाले, शांतपणे, जसं लहानपणी मला शिडीवरून उतरवायचे. ‘‘सोडू नको. मी आलो.’’

‘‘काका! गोळी मारी दईश!’’

आबा चालत आले. हळू, दोन्ही हात बाजूला उघडे धरून. मला ओरडायचं होतं, येऊ नका. ते आले, पोराच्या आणि माझ्या मध्ये, त्याच्याकडे पाठ करून वाकले. त्यांच्या बनियनला घामाचा आणि तिळाच्या तेलाचा वास येत होता. त्यांचा मोठा खरखरीत पंजा माझ्या अंगठ्यावर आला.

‘‘आता सोड. माझ्या हातात सोड.’’

सोडायची गरज पडली नाही. अंगठा घसरला.

स्प्रिंग त्यांच्या तळव्यावर आदळली. पट्टी मात्र त्यांच्या बोटांतून निसटली, उडाली आणि टाकीवर लागली.

फाट्.

आणि त्याच्या पाठोपाठ, आबांच्या पाठीमागून, दुसरा आवाज.

खट्.

पोकळ.

माझे डोळे आबांच्या खांद्यावरून पलीकडे होते. पिस्तुलाचं भोक त्यांच्या पाठीच्या मधोमध होतं आणि त्यामागे त्या पोराचं बोट चापावर पूर्ण मागे गेलेलं होतं. मागचा घोडा खाली पडलेला होता. मी ते पाहिलं. मी ते ऐकलं. एवढं स्पष्ट मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण त्यातलं हसण्यासारखं तेवढं तुमच्या लोकांनी तुम्हाला सांगितलं. कोमलबेन धावत वर आली, ‘‘अरे साहेब, शुं करो छो? आ तो अमारी शिवांगी छे! छोकरांनां रमकडां धुए छे!’’ वयस्कराने पायाने चादरीवरचा चाचणीच्या छर्र्यांचा डबा उलटा केला, छर्रे टपटप फरशीवर पडले, घरंगळत गटारीच्या जाळीकडे गेले. त्याने एक उचलला, नखाने दाबला. ‘‘अल्या, आ तो प्लास्टिक!’’ बादलीतल्या लाल पाण्याचा वास घेतला. मग तो हसायला लागला, घाबरलेला माणूस हसतो तसा, थांबता येत नसल्यासारखा. कोमलबेनही हसली. आबाही हसले. म्हणाले, ‘‘साहेब, चहा घेऊन जा.’’

मी हसले नाही. मी टाकीकडे बघत होते.

तो तरुण पोरगा टाकीच्या आडोशाला गेला होता. त्याने पिस्तुलातून मॅगझिन काढलं. तोंडात डोकावून बघितलं. आणि मांडीवर आपटलं.

एकदा. परत डोकावला. परत आपटलं.

मग मान वर केली तर मी बघत होते. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. त्याला कळलं की मला कळलंय. त्याने मॅगझिन घाईने परत खुपसलं आणि पाठ फिरवली.

त्याने जिन्यात पिस्तूल ओढलं तेव्हा गोळी वर आलीच नव्हती. आतली स्प्रिंग मेली असेल, मळ बसला असेल, कोणीतरी कधीतरी नको ते तेल घातलं असेल. वर्षानुवर्षं कपाटात भरलेलं ठेवलं असेल, आमची भाड्याची खेळणीही आम्ही तशी ठेवत नाही. तुमच्या घाणीने माझा बाप वाचला.

तपासायला म्हणून नेलेलं सगळं सामान चार-सहा दिवसांनी परत केलंत. मॅगझिनं पोत्यात कोंबलेली, काहींची तोंडं वाकलेली. दादा म्हणतो, ‘‘शिवांगी, आता विषय बंद. मैदान चालू राहिलं हे नशीब समज. यांच्या नादी लागलीस तर उद्या कुलूप लावतील.’’ त्याचंही खरं आहे. तो घाबरलाय. मीही घाबरलेय. जिन्यात बूट वाजले की माझा अंगठा आपोआप दाबला जातो, ताटावर बसलेली असले तरी. मॅगझिन जोडायला घेतलं की पट्टी सरकवण्याआधीच खाली ठेवते. आता स्प्रिंग आबा चढवतात, मी शेजारी बसून सांगते.

आणि आबा? त्यांनी तो दुसरा आवाज ऐकलाच नाही. त्यांना वाटतं दोन्ही आवाज पट्टीचेच. ते सोसायटीत बाकड्यावर बसून रंगवून सांगतात, ‘‘पिस्तूल रोखलं हो माझ्यावर! पण शिपायाची अवलाद, हललो नाही.’’ मग माझ्याकडे बघून डोळा मारतात. ‘‘आणि हिला सांगा, नवमीची पूजा वाया गेली नाही. देवीनेच हात धरला त्या पोराचा.’’

मी त्यांना सांगितलं नाही की देवीने हात धरला नव्हता. हात चालला होता.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, सांगू? त्या पोराने एव्हाना ते मॅगझिन साफ केलं असेल. नसेल केलं तर तुम्ही करवून घेतलं असेल. नवी स्प्रिंग, स्वच्छ वाट, तोंड सरळ. ते आता अडणार नाही. आणि ते घेऊन तो पोरगा उद्या आणखी कुठल्या तरी अगाशीवर चढेल, चापावर बोट ठेवून, जिथे कोणी पापड वाळवत असेल, कोणी रंग धूत असेल, आणि कोणाचा तरी बाप पाण्याची बादली घेऊन वर येईल.

मी तुमच्याकडे नुकसानभरपाई मागायला आले नव्हते. त्या पोराची नोकरी जावी म्हणूनही नाही. त्याचा चेहरा मी पाहिलाय, तो माझ्याइतकाच भ्याला होता. त्याला जिन्यात सगळ्यांच्या पुढे ढकलून पाठवणारे तुम्ही. मी एकच प्रश्न विचारला होता आणि तुम्ही म्हणालात, ‘‘बेन, तमने भ्रम थयो.’’

भ्रम नाही. मला आवाज कळतो. त्याला बोलवा, माझ्यासमोर बसवा, ते पिस्तूल टेबलावर ठेवा आणि त्याच्या तोंडून सांगू द्या, नाहीतर तुमच्या तोंडून सांगा. माझ्या बापाच्या पाठीवर त्याने चाप ओढला होता की नाही?

हो की नाही, साहेब? मला उत्तर पाहिजे.